यंदा ऋषीची भाजी आमच्याकडून

१ जून, रविवार
कालपासून रिटायर्ड. आयुष्यभर प्लॅनिंग डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्यांचे प्रोजेक्ट मार्गी लावले. आता स्वतःचा.

सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो. बाळकुम, सातवा मजला. समोर टॉवर, बाजूला टॉवर, मागे टॉवरचं काम चालू. आणि पायाशी नऊ बाय चारची मोकळी जागा, जिच्याकडे आजवर कोणी गंभीरपणे बघितलेलंच नाही. सरोज तिथे कपडे वाळत घालते. दृष्टिकोनाचा फरक असतो.

निर्णय घेतला. घरचा भाजीपाला.

संध्याकाळी सरोजचा धाकटा भाऊ विठ्ठल आलेला, कल्याणहून, माझं अभिनंदन करायला. त्याच्या घरावर मोकळी गच्ची आहे. तिथे तो भाज्या लावतो. पद्धत अशी काही नाही, फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, जे सापडेल त्यात माती. दरवर्षी गणपतीच्या दिवशी दर्शनाला येताना त्यातलीच पिशवीभर ऋषीची भाजी सरोजला आणतो. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, हाताने लावलेलं, परसातलं तेवढंच चालतं. आधी माझ्या सासूबाई पाठवायच्या. त्या गेल्यापासून विठ्ठल आणतो. सरोज तिला माहेरची पिशवी म्हणते. त्या दिवशी बेल वाजली की दुसऱ्या कोणाला दार उघडू देत नाही.

बोलता बोलता मी विठ्ठलला सांगून टाकलं, यंदा तू काही आणायचं नाहीस. यंदा ऋषीची भाजी आमच्याकडून. तुमच्या घरी पण आम्हीच देणार.

विठ्ठल म्हणाला, अहो भावोजी, कशाला त्रास. मी म्हटलं, त्रास कसला, नको म्हणजे नको, तू फक्त ये. सरोज चहा गाळत होती. तिने गाळणं तसंच धरून माझ्याकडे बघितलं. कौतुक असावं.

२ जून, सोमवार
चार्ट तयार. सात भाज्या: भेंडी, लाल माठ, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, अळू, चवळी. आडव्या ओळीत आठवडे. ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आहे. भरपूर वेळ.

यील्डचा हिशोब केला. उत्पन्न घरात मावणार नाही. सरोजला म्हटलं, दुसरा फ्रिज बघून ठेवायला हवा. तिने आहे तो फ्रिज उघडून बघितला आणि बंद केला. मनात विचार चालू असेल.

मुलगी वल्लरी वर्क फ्रॉम होम करते. तिने चार्ट बघितला आणि विचारलं, बाबा, आपल्या गॅलरीत ऊन किती वेळ येतं? मी म्हटलं, ते फेज टूमध्ये बघू.

५ जून, गुरुवार
सामान आलं. ग्रो बॅगा, शेणखत, माती, कोकोपीटच्या विटा. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून वीट केलेला. पाण्यात टाकला की फुगतो. पाकिटावर लिहिलेलं, पाच पट. मी ते जाहिरातीतलं बोलणं समजलो आणि सगळ्या विटा एकदम बाथरूममधल्या टबात टाकल्या.

फुगतो.

टब भरला, मग बादली भरली, मग बाथरूम. वल्लरीची साडेनऊची मीटिंग आंघोळीशिवाय झाली. कॅमेरा बंद ठेवला तिने. तरी बरं, मुलं हल्ली कुठल्याही गोष्टीचा बाऊ करतात.

माती, शेणखत, कोकोपीट एकेक भाग घ्यायचं असं सगळीकडे सांगतात. भाग म्हणजे केवढा ते कोणी सांगत नाही. कोकोपीट संपवायचं होतं, म्हणून त्याचे पाच भाग घेतले. मिश्रण हाताला छान हलकं लागतंय.

८ जून, रविवार
पेरणी. शुभारंभ म्हणून सरोजला नारळ फोडायला बोलावलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय.

पाकिटावर लिहिलंय, एका पिशवीत दोन-तीन बिया. पाकिटात तर चिक्कार असतात! उरलेल्यांनी करायचं काय? एकेका पिशवीत मूठ मूठ टाकलं. बी खोल टाकलं, चांगलं बोटभर, म्हणजे पडायची भीती नको. वर भरपूर पाणी. पिशव्यांना खाली भोकं पाडायची होती, पण घरात गळायला नको म्हणून नाही पाडली.

सरोज म्हणाली, भोकं नसली तर मुळं कुजतात. तिला सांगितलं, तू बघच.

१५ जून, रविवार
आलं! आलं! भेंडी आली, माठ आला. चवळी तर माती डोक्यावर घेऊन वर आलीय. मी सकाळी सहा वाजता सगळ्यांना उठवलं. वल्लरी बघून परत झोपली. सरोजने मात्र वाकून एका कोंबाला बोट लावलं, हळूच. म्हणाली, आई अशीच लावायची, हाताने. मला एकदम भरून आलं. हा प्रोजेक्ट मी हिच्यासाठीच करतोय हे आज लक्षात आलं. आधी वाटलं होतं रिटायरमेंटसाठी.

शिराळं, पडवळ, भोपळा यांच्या पिशव्यांत पाणी साचलंय. बी तरंगतंय. भोकं पाडली. दोष भोकांचा नव्हता, पाणी निचरा न होणाऱ्या जातीचं होतं.

विठ्ठलला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. भावोजी, विरळणी करा, एका पिशवीत दोन ठेवा, बाकीची उपटून टाका. मी स्पष्ट सांगितलं, आमच्या डिपार्टमेंटमधून मी कधी कोणाला काढलं नाही. इथेही काढणार नाही. तो म्हणाला, मग सगळीच उपाशी राहतील. शेती करणाऱ्या माणसांचं मन थोडं कठोरच होतं.

१९ जून, गुरुवार
कबुतरं.

एका सकाळीत अर्धी रोपं गेली. चवळीचा तर नुसता दांडा उरलाय. खाल्लं पण नाही मेल्यांनी, तोडून टाकून दिलं. सरोजची भावगीतांची जुनी सीडी मोडीत निघालेली समजून ग्रिलला टांगली. चमकलं की कबुतरं घाबरतात म्हणे. कबुतरं आली, सीडीत स्वतःला बघत बसली. मग अजून आली. सीडी मोडीत निघालेली नव्हती असं सरोजकडून संध्याकाळी कळलं.

२१ जून, शनिवार
जाळी बसवली. माणूस बोलवायची गरज पडली नाही, स्वतः बसवली. एक सुद्धा फट नाही, काम पक्कं.

एक कबुतर आत राहिलं.

२४ जून, मंगळवार
आतलं कबुतर मादी निघाली. भोपळ्याच्या पिशवीत दोन अंडी. मी काढायला गेलो तर सरोज आडवी आली. म्हणाली, बाळंतीण आहे, हात लावाल तर बघा. जाळीचा एक कोपरा तिने कात्रीने कापून दिला, कबुतरीला जा-ये करता यावी म्हणून. त्या कोपऱ्यातून कबुतरीचा नवरा पण येतो. आणि त्याचे मित्र.

भोपळा प्रोजेक्टमधून तूर्त वगळला. पंचमीला भोपळा लागतोच असं काही शास्त्रात लिहिलेलं नसावं.

२५ जून, बुधवार
फेज टू. पुन्हा पेरणी, वल्लरीच्या खोलीच्या खिडकीत आणि उरलेल्या गॅलरीत. भोपळ्याची पण एक नवीन पिशवी. चार्टमध्ये फक्त तीन आठवडे सरकवले. डेडलाइन तीच.

५ जुलै, शनिवार
घरच्या घरी खत करायचं ठरवलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन एका पिंपात कालवून काही दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. झाडांना अमृतासारखं लागू पडतं म्हणतात. शेण-गोमूत्र कळव्याच्या गोठ्यातून आणलं. रिक्षावाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं. पुढे चालत आलो.

८ जुलै, मंगळवार
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: बी विंगमध्ये गॅसचा वास येतोय, सगळ्यांनी रेग्युलेटर बंद करा. मीही बंद केला. जबाबदार नागरिक म्हणून खाली जाऊन उभा राहिलो. गॅसवाला माणूस आला, मजल्यामजल्यावर वास घेत सातव्यावर पोहोचला, आमच्या दारात थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

खालच्या मजल्यावरचे चांगदेव सोनवणे सज्जन माणूस आहेत. ते म्हणाले, त्र्यंबकराव, वासाचं एक वेळ चालेल, पण तुमच्या पिशव्यांतलं पाणी माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतं, त्याचं बघा. मी त्यांना एक पिशवी पडवळ कबूल केलंय. पिंप जिन्याखाली हलवलं. आता वास सगळ्यांना सारखा मिळतो.

१४ जुलै, सोमवार
झाडांनी जबरदस्त उंची घेतलीय! भेंडी माझ्या कमरेला लागते. बारीक आहे, पण उंच. चांगदेवरावांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, हिला आधाराची काठी लावा, वाकतेय.

विठ्ठलचं म्हणणं (फोटोवरून) की ऊन नाही, म्हणून झाडं उन्हाच्या शोधात ताणतायत. ही गॅलरी उत्तरेकडे आहे, आणि समोरच्या टॉवरने उरलंसुरलं ऊनही खाल्लंय. फळधारणा होणार नाही असं त्याचं मत. मी म्हटलं, उंची कमी असती तर तू म्हणाला असतास उंची कमी आहे.

तरीही खबरदारी म्हणून कबुतरीची सोडून बाकी सगळ्या पिशव्या वल्लरीच्या खोलीत हलवल्या. तिथे पश्चिमेचं ऊन येतं. तिचं टेबल दारामागे जातंय, त्याला इलाज नाही. दुपारी तिच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, तू फार्महाउसवर आहेस का? मला तर अभिमान वाटला. ती दार लावून बसली आणि जेवायला उशिरा आली.

३० जुलै, बुधवार
भोपळ्याच्या नव्या वेलाला फुलं! पिवळीधम्मक. मी इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. फुलं दोन प्रकारची. मादी फुलाच्या मागे छोटा भोपळा असतो, त्याचंच पुढे फळ होतं. नर फुलाच्या मागे काहीच नसतं, नुसता देठ. म्हणजे ती नुसती बसून खातात! झाडाची ताकद वाया. सकाळीच सगळी नर फुलं खुडून टाकली. आता सगळी शक्ती भोपळ्यांत जाईल. आमच्या ऑफिसमध्ये पण हाच प्रॉब्लेम होता.

सरोजने त्या फुलांची भजी केली. छान झाली.

१ ऑगस्ट, शुक्रवार
वल्लरीने वाचून दाखवलं की नर फुलातला पराग मादी फुलाला लागला नाही तर भोपळा धरत नाही, गळून पडतो. हे काम मधमाश्या करतात. सातव्या मजल्यावर मधमाश्या येत नसतील तर आपण करायचं, ब्रशने, किंवा नर फूलच घेऊन मादी फुलावर हळू फिरवायचं. हे मी वाचलेलं, पण ते पुढच्या पानावर होतं.

नर फुलं आम्ही खाल्लीत.

२ ऑगस्ट, शनिवार
नर फुलाच्या शोधात जुन्या बाळकुम गावात गेलो. तिकडे अजून काही बैठी घरं आहेत. एका कुंपणावर भोपळ्याचा वेल चढलेला, फुलंच फुलं. एक तोडलं तर आतून म्हातारी बाहेर आली. मी समजावलं, आजी, भाजीला नाही, आमच्या वेलाचं लग्न लावायचंय. ती बराच वेळ हसली. मग अजून दोन फुलं तोडून दिली. म्हणाली, लवकर जा बाबा, ऊन वर आलं की बायको तोंड मिटून बसते.

घरी येईपर्यंत बारा वाजले. मादी फूल मिटलेलं. वल्लरीच्या मेकअपच्या ब्रशने जबरदस्तीने उघडून पराग लावला. ब्रश नवा होता, हे तिने सांगितल्यावर कळलं. घरात तणावाचं वातावरण.

५ ऑगस्ट, मंगळवार
भोपळा गळला. करंगळीएवढा होता. सरोज म्हणाली, जाऊ द्या हो. मी कुठे काय म्हणतोय!

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा
विठ्ठल राखी बांधून घ्यायला आलेला. जेवण झाल्यावर त्याला वल्लरीच्या खोलीत नेऊन बाग दाखवली. तो एकेका पिशवीपुढे थांबला. पानं उलटून बघितली. माझ्या एकट्याला म्हणाला, भावोजी, खरं सांगा, होईल ना? अजून वेळ आहे, मी घरी जाऊन माठ आणि मेथी टाकतो, तीनएक आठवड्यांत पंचमीपुरती येते.

मला रागच आला. माझ्याच घरात येऊन माझ्याच बागेवर अविश्वास! मी म्हटलं, विठ्ठल, तू काही टाकू नकोस. एक बी टाकू नकोस. टाकलंस तर मी अपमान समजेन.

तो म्हणाला, बरं.

एवढ्या पटकन बरं म्हणाला याचं थोडं आश्चर्य वाटलं. पण आपल्याकडे असं बोलायची पद्धत असते. तू आणू नकोस म्हटलं तर समोरचा बरं म्हणतो आणि आणतो. मी जन्मभर बघतोय. कोणाकडे गेलो आणि आपण चहा नको म्हणालो म्हणून चहा झाला नाही, असं कुठे होतं का?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनाहून आलो तर भेंडीच्या पानांमागे पांढरे कापसासारखे किडे. याला पिठ्या ढेकूण म्हणतात. उपाय: कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात पाच मिली. पाच मिली! एवढ्याशा तेलाने किडे काय घाबरणार? अर्धी बाटली ओतली.

१७ ऑगस्ट, रविवार
किडे गेले. पानं पण गेली. बऱ्याच झाडांचे नुसते दांडे उभे आहेत. किडीचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे निकालात काढला, हे मान्य करायला हवं.

वल्लरीची खोली आठवडाभर कडू वास मारणार. ती हॉलमध्ये काम करतेय.

२० ऑगस्ट, बुधवार
आढावा.
भेंडी: पाच. चांगल्या आहेत.
शिराळं: एक होतं. दोराने ताणून सरळ करायला गेलो, तुटलं.
पडवळ: फुलं खूप.
माठ: मूठभर. कबुतराच्या पिल्लांना पंख फुटलेत, त्यांची ये-जा वल्लरीच्या खिडकीतून, माठावरूनच असते.
अळू: नक्की अळूच आहे का, यावर चांगदेवरावांशी मतभेद.
चवळी: विषय नको.

एकंदरीत पहिल्या वर्षाच्या मानाने ठीक. काळजी अजिबात नाही, कारण विठ्ठल आणणारच. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. एक काय, दोन पिशव्या आणेल, दारात उभा राहून म्हणेल, भावोजी, थोडंच आहे, रागावू नका. मी आधी थोडा रागावेन. मग घेईन. मग माझ्या पाच भेंड्या त्यात मिसळून टाकल्या की झालंच.

२४ ऑगस्ट, रविवार
सरोजने आज सरळ विचारलं. बागेतून पंचमीपुरतं निघेल का? मी म्हटलं, निघेल की. ती म्हणाली, मला खरं सांगा, मी रागावणार नाही.

मी विषय बदलला. म्हटलं, आता कुठे बैल आहेत? सगळीकडे ट्रॅक्टर. म्हणजे बघायला गेलं तर बाजारातली कुठलीही भाजी पंचमीला चालेल, नियमाप्रमाणे. आपल्या भाजीत तर ट्रॅक्टरही नाही. फक्त माझे कष्ट. सरोज म्हणाली, बैलाचं चालत नाहीच, म्हणूनच विचारतेय.

मग म्हणाली, बाजारातून आणायला काही नाही हो. पण लग्न होऊन मी या घरात आल्यापासून पंचमीची भाजी मी एकदाही विकत आणली नाही. आईकडून यायची. मग विठ्ठल आणायला लागला. आई गेल्यावर तिकडून येणारं तेवढंच उरलंय.

हे तिने रडून वगैरे सांगितलं नाही. कांदा चिरताना बोलावं तसं बोलली. मला फार वाईट वाटलं.

दुपारी विठ्ठलला फोन लावला. स्पष्ट बोलायचं ठरवलेलं. त्याने फोन उचलल्यावर म्हटलं, काय मग, बुधवारी येतोयस ना? तो म्हणाला, येतोय की. मी म्हटलं, वेळेवर ये. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, आणि जरा... जपून ये.

समजला असेल. हुशार आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी
सकाळी मूर्ती आणली, पूजा झाली, मोदक झाले. दीड दिवसाचा आमचा गणपती. दिवसभर माणसं. माझं सगळं लक्ष दाराकडे.

पाचच्या सुमारास बेल वाजली. सरोज हातातलं तबक टेबलावर ठेवून धावली. मी पण मागोमाग गेलो.

विठ्ठल दारात. एका हातात नारळ. दुसऱ्या हातात दोन कापडी पिशव्या, इस्त्री केल्यासारख्या घडी घातलेल्या. रिकाम्या. म्हणाला, एकच घेत होतो, पण आमची ही म्हणाली, भावोजींनी एवढं कबूल केलंय तर दोन ने, शेजारी पण देता येईल.

मी हसलो. म्हणजे तोंड तसं झालं.

आत आल्यावर तो सांगत होता की गच्चीवर यंदा काही लावलंच नाही. बरीच वर्षं ओल खाली उतरत होती, पण भाज्यांमुळे गच्ची मोकळी सापडत नव्हती. राखीच्या दिवशी भावोजी एक बी टाकू नकोस म्हणाले, तेव्हा बायकोला म्हटलं, हीच वेळ. सगळ्या बादल्या, डबे भंगारवाल्याला दिले आणि वॉटरप्रूफिंग करून घेतलं. गच्ची कशी कोरडी ठणठणीत झालीय! ताई, तू येऊन बघच.

सरोज म्हणाली, छान. पिशव्या त्याच्या हातातून घेतल्या, पुन्हा घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. ती गॅसपुढे उभी होती, गॅस बंद होता. मी म्हटलं, अगं, मी नको म्हटल्यावर तो खरंच आणणार नाही हे मला कसं कळणार? ती म्हणाली, तुम्हीच नको म्हणालात. त्याने तुमचं ऐकलं. माझ्या भावाला तुमचं बोलणं खरं वाटतं, यात त्याची काय चूक?

मग तिने पदराने डोळे पुसले आणि प्रसादाची ताटं भरायला घेतली. मी तिथेच उभा होतो. तिला सॉरी म्हणणार होतो, पण तेवढ्यात चांगदेवराव दर्शनाला आले आणि त्यांनी त्यांच्या पडवळाची चौकशी केली.

विठ्ठलला रात्री राहायचा आग्रह केला. राहिला.

२८ ऑगस्ट, गुरुवार, ऋषिपंचमी
सकाळी लवकर उठून पाच भेंड्या तोडल्या, माठ खुडला, सगळं धुऊन वाटीत घातलं आणि सरोजपुढे ठेवलं. म्हटलं, एवढं आहे. पहिल्यांदाच खरं ते बोललो म्हणून की काय, ती हसली. छान आहेत म्हणाली.

मग तिने विठ्ठलला उठवलं. म्हणाली, चल रे, पिशव्या घे, आपण दोघं बाजारात जाऊ. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, तुम्ही थांबा, घरात गणपती आहे, समई विझता कामा नये.

थांबलो. समईत तेल घातलं. परत घातलं.

तासाभरात यायला हवी होती. दोघं पार दहा वाजता आली. लिफ्टमधून बाहेर पडतानाच हसणं ऐकू आलं. दोन्ही पिशव्या भरलेल्या. मुरबाडकडच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या म्हणे, दारची भाजी, हाताने लावलेली. अळू, भोपळा, कणसं, अंबाडी, रानातली दोन-तीन नावं मला माहीत नसलेली. सरोज सांगत होती, लहानपणी आई दोघांना दोन हातांना धरून कल्याणच्या बाजारात न्यायची आणि विठ्ठल दर वेळी उसाच्या रसासाठी रस्त्यातच बसायचा. आजही रस प्यायला लावला त्याने. उपवास होता तरी तिने घेतला, रसाला कुठे बैल लागतो म्हणाली. विठ्ठल म्हणाला, घाण्याला लागायचा. आणि दोघं परत हसायला लागली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं लग्नाला झाली, मला उसाच्या रसाचं माहीत नव्हतं.

भाजी दोघांनी मिळून निवडली. मी अळूचे देठ सोलायला मागितले. हात खाजेल म्हणाली, राहू द्या.

जेवताना सरोज म्हणाली, आई गेल्यानंतरची सगळ्यात चांगली पंचमी. तिने हे विठ्ठलला सांगितलं. विठ्ठल म्हणाला, ताई, पुढच्या वर्षीही असंच करू, दोघं जाऊन आणू, डबे-बादल्यांचा खटाटोप कशाला. ती म्हणाली, चालेल की. वल्लरी म्हणाली, म्हणजे माझी खोली रिकामी होणार? संध्याकाळी बागेच्या पिशव्या जिन्यात दिसल्या.

मी भाजी दोनदा घेतली. चांगली झालेली. भेंडी शोधत होतो, लागली नाही. ढवळताना विरघळली असेल म्हटलं. कोवळी होती.

संध्याकाळी विसर्जन करून आलो. विठ्ठल तिथूनच स्टेशनला गेला, एक पिशवी घेऊन. पाणी प्यायला फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्यामागे माझी वाटी. पाचही भेंड्या, माठ, सकाळी ठेवलेलं तसंच.

सरोजला विचारलं. ती म्हणाली, अहो, गडबडीत विसरलेच हो. आणि खरंच वाईट वाटलं तिला, चेहऱ्यावर दिसलं. वाटीवर झाकण ठेवून म्हणाली, उद्या करते.

उद्या काय, कुठलीही भाजी चालते.